उंबऱ्याची पट्टी

चैत्रात आमच्या मळवलीकडची भातखाचरं भेगाळून पडलेली असतात. भात काढून पाच महिने झालेले, तरी धसकटं ताठ उभी. त्यावर रात्रभर बसायचं तर खाली दुहेरी पोतं लागतं. जत्रेच्या दिवशी दुपारी चारलाच अण्णा मला पोतं देऊन पिटाळायचे. बोर्डापासून पाच-सहा हातांवर ते अंथरायचं, चार कोपऱ्यांना ढेकळं ठेवायची आणि दिवेलागणीपर्यंत राखण करायची. बोर्ड म्हणजे पिंपांवर टाकलेल्या फळ्या. वर आभाळ.

अण्णा मळवली स्टेशनवर पॉइंट्समन होते. घरात फार बोलायचे नाहीत. जत्रेची रात्र मोकळी मिळावी म्हणून सोबत्याच्या दिवाळीतल्या दोन रात्रपाळ्या आधीच अंगावर घेऊन ठेवायचे. आईला ते पटायचं नाही. ‘फुकटच्या तमाशासाठी सणाला घर सोडताय,’ असं ती एकदा म्हणाली, तेव्हा त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्यातून पावती काढून तिच्यापुढे धरली. ‘फुकट कुठं? उंबऱ्याची पट्टी दिलीय.’

त्यांचं खरं होतं. तंबूचे फड तिकीट लावतात. आमच्याकडे यायचे ते हंगामी फड, त्यांची सुपारी गावाने द्यायची. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच तिथे जाऊन तारीख धरतात, घासाघीस करतात. अण्णा एकदा पंचांबरोबर गेले होते. परत आल्यावर फडाचं नाव सांगायच्या आधी त्यांनी ढोलकीवाल्याची बोटं कशी चालतात ते ताटाच्या काठावर वाजवून दाखवलं.

रात्री ढोलकी-हलगीची सलामी झाली की गण, मग गवळण. गवळणीतली मावशी म्हणजे मिशा काढलेला बाप्या, हे मला ठाऊक होतं. तरी दरवर्षी ती खरीच वाटायची. बतावणी होईतो बारा वाजायचे. वग लागायचा तो त्यानंतर, आणि संपायचा तांबडं फुटताना. वग मी सबंध कधीच पाहिला नाही. राजाला देशोधडीला लावलं की मला झोप यायची. जाग यायची तेव्हा तो परत गादीवर असायचा. मधलं राज्य अण्णांनी पाहिलेलं.

खाचराच्या कडेनेच पुणे-मुंबई लाइन. मालगाडी आली की निम्मा प्रवेश तिच्याखाली जायचा. एका वर्षी (मी आठ वर्षांची असेन) राजा ऐन दरबारात गरजत होता आणि मेल धडधडत गेली. राजा थांबला. सोंगाड्याने शेवटचा डबा जाईपर्यंत मान फिरवत गाडी पाहिली आणि हात जोडले. ‘म्हाराज, तुमच्या राज्यातनं गाड्या रग्गड जात्यात, पन थांबत एक बी न्हाई!’

आणि माझ्या मागून, अगदी कानाशी, अण्णांचा आवाज आला. ‘लोकल थांबती की!’

सगळं खाचर हसलं. सोंगाड्याने बोर्डावरून वाकून मुजरा केला. ‘बघा म्हाराज, परजेला समदं ठावं हाय.’ मी अण्णांच्या मांडीवर होते, त्यांचं पोट हसण्याने गदगदत होतं ते मला पाठीला लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे हजेरी, दुपारी कुस्त्या. मधल्या वेळात अण्णा मला भाज्याच्या लेण्यात घेऊन गेले. तिथल्या एका विहारात दगडात एक बाई नाचतेय आणि दुसरी बसून वाजवतेय. दोन हजार वर्षांहून जुनं कोरीव काम. अण्णांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ‘हिचा हात डाव्यावर बरोबर पडलाय.’ तमाशा गाजवणाऱ्या दादू इंदुरीकरांचं गाव इंदोरी आमच्याच मावळात, याचा अण्णांना फार अभिमान. दादूंचं ‘गाढवाचं लग्न’ त्यांनी पाहिलं होतं. 1973 साली दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे घरातल्या एखाद्या माणसाचं सांगावं तसं सांगायचे.

त्यानंतरच्या वर्षी आजीने मला बायकांत, बांधावर बसवलं. तिथून शब्द नीट ऐकू यायचे नाहीत. हसण्याची लाट पुढून उठून आमच्यापर्यंत यायची, तोवर विनोद संपलेला असायचा.

पुढे द्रुतगती मार्ग आला, खाचरांचे प्लॉट झाले. आमच्या बोर्डाच्या जागी आता एक बंगला आहे, शनिवार-रविवारपुरता उघडणारा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद केला. नियम वाईट नाही, आजारी माणसांना झोप हवी. पण वग लागायच्या आधीच फडाला गाशा गुंडाळावा लागू लागला. बंगल्यातली गाणी किती वाजता थांबतात, ते मात्र कोणी विचारत नाही.

अण्णांना शेवटच्या जत्रेला मीच घेऊन गेले. ऑर्केस्ट्रा होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. ते थोडा वेळ बसले, मग खुर्ची मागे सारून खाली मांडी घातली. लोक वळून बघायला लागले. मला लाज वाटली. मी त्यांना दंडाला धरून उठवलं, परत खुर्चीवर बसवलं. ते काही बोलले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्यासारखे बसून राहिले.

त्याच श्रावणात ते गेले.

मंडळाची पोरं दरवर्षी पाडव्याला दारात येतात. पावती अजून अण्णांच्याच नावाने फाडतात. नाव बदलायला मी सांगितलेलं नाही.