न दिसणारे दुखणे

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांचे वजन अवघे काही ग्रॅम. परंतु त्यांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांवाचून मनुष्य जगू शकत नाही. शरीरातील मीठपाण्याचा समतोल त्या राखतात आणि ताप, जखम अशा संकटांत टिकून राहण्याचे बळ देतात. क्वचित एखाद्याच्या या ग्रंथी निकामी होतात. लंडनमधील वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून त्यास ॲडिसनचा रोग असे नाव पडले.

हा रोग ओळखणे मोठे कठीण. थकवा येतो, भूक मंदावते, वजन घटते. पण अशा तक्रारी कितीतरी दुखण्यांत असतात. रोगी आतून खचत जातो आणि लोक मात्र त्याला आळशी ठरवतात. त्याची कांती काळवंडते, तर उन्हाने रापली असे समजून कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांना हाच रोग होता. १९१७ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणापासून दुखणाईत. जॉनला चावणाऱ्या डासाचीच धडगत नाही, अशी थट्टा घरातील भावंडे करीत. शाळेत असताना तो वरचेवर अंथरुणाला खिळे आणि डॉक्टर बुचकळ्यात पडत. अखेर १९४७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, लंडनमध्ये ते एकाएकी कोसळले. तेथील डॉक्टरांनी ॲडिसनच्या रोगाचे निदान केले. हा तरुण वर्षभरही जगणार नाही, असे त्यांचे मत पडले.

परंतु दुखण्याला नाव मिळाले आणि त्याबरोबर उपायाची वाटही सापडली. ग्रंथींतून जे स्रवत नव्हते, ते औषधरूपाने देता येऊ लागले होते. पुढे कॉर्टिसोन हे औषध हाती आले. त्याच्या आधारावर केनेडी उभे राहिले. १९५४ साली पाठीवरील शस्त्रक्रियेनंतर ते मृत्यूच्या दारी जाऊन परतले. त्या आजारपणातही ते स्वस्थ बसले नाहीत. सहायकाच्या मोठ्या साह्याने त्यांनी धैर्यशील पुरुषांविषयी एक पुस्तक सिद्ध केले. १९६१ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची तांबूस, रापलेली मुद्रा पाहून लोकांना ते आरोग्याचा पुतळाच वाटत!

खरा प्रकार त्यांनी लोकांना कळू दिला नाही. १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या बाजूने या रोगाचा इन्कारच करण्यात आला. दुबळा मनुष्य म्हणून आपल्याला नाकारतील, ही भीती त्यामागे असावी. पण ज्यांच्या हाती राष्ट्र सोपवायचे, त्यांची प्रकृती जाणण्याचा लोकांना हक्क नव्हता काय? १९६३ साली त्यांची हत्या झाली. हे सत्य निर्विवादपणे उजेडात यावयास त्यानंतर पुष्कळ वर्षे लागली.

आज हा रोग असलेली माणसे रोज ठरल्या वेळी औषध घेऊन शिकतात, खेळतात, नोकरी करतात. ताप आला की डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवतात. पुष्कळजण रोगाचे नाव लिहिलेले कडे मनगटात घालतात. वाटेत शुद्ध हरपली, तरी अनोळखी माणसाला ते वाचून योग्य उपचार मिळवून देता येतो. जे नाव एका राष्ट्राध्यक्षाला आयुष्यभर झाकावे लागले, तेच आज मनगटावर उघडे बाळगल्याने प्राण वाचतात. मात्र ते वाचणाऱ्याने त्या माणसाला दुबळा म्हणून हिणवू नये. नाही तर ते कडे पुन्हा बाहीखाली झाकले जाईल.