आडापासून किती हात

२०२३ च्या दिवाळीआधी मराठवाड्यात जो तो जुन्या ट्रंका उघडून बसला होता. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. कुणाला आजोबांची मोडीतली खातेवही सापडत होती, कुणाला उर्दूतली पावती. आमच्या दादानंही सेलूच्या घरातली ट्रंक फडताळातून खाली ओढली आणि मला परभणीला फोन केला.

"कागद निघाले का?" मी विचारलं.

"माती निघाली," तो म्हणाला.

शनिवारी गेले तेव्हा ट्रंक ओसरीवर तशीच होती. तिचा तळ भिंतीकडच्या बाजूनं गंजून फुटला होता. मी दोरीनं बांधलेला एक गठ्ठा उचलला, तर कागदाच्या मानानं तो फारच जड लागला. वरचं पान शाबूत, कडा शाबूत, दोरी शाबूत. मधे मात्र तळहाताएवढी पोकळी आणि तिच्यात ओलसर मातीचे पदर. महसुलाची एक उर्दू पावती होती. उजवीकडून निघालेल्या तिच्या ओळी मधल्या भोकात पडत होत्या आणि डाव्या कडेला पुन्हा दोन-दोन अक्षरं वर निघत होती. १९५४ च्या खासरा पाहणीची नक्कल तर नुसती चौकट उरली होती. चौकटीत तांदळाच्या कणीएवढे पांढरे जीव लगबगीनं उजेडापासून लांब चालले होते.

"उधई," आई म्हणाली. वाळवी हा शब्द ती वापरत नाही.

आमचं घर जुन्या गावठाणातलं. पुढे ढाळज, मग अंगण, ओसरी, माजघर, आणि अंगणाच्या कोपऱ्यात आड. वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दगडी तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच्या, त्यावर लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर फूटभर पांढरी माती. दहा बाय आठच्या एका खणावर ही माती साडेतीन टनांच्या आसपास भरते. हा हिशोब मी पुढे मुद्दाम करून पाहिला. तो केला नसता तर बरं झालं असतं असं बरेच दिवस वाटत राहिलं.

दादानं ओळखीच्या सुतारमामांना बोलावलं. ते पटाशीच्या मुठीनं एकेक खांब ठोकत गेले. चांगला खांब टण् म्हणायचा, खाल्लेला बद्द वाजायचा. अकरापैकी तीन बद्द वाजले. पैकी माजघराच्या दारातल्या खांबात त्यांनी पटाशीचं टोक टेकवलं आणि ती मुठीपर्यंत आत गेली. सागाचा गाभा तेवढा बरगड्यांसारखा शिल्लक होता, भोवतीचं पांढरं लाकूड गेलेलं, आणि वरचा ऑइलपेंट खांबाचं सोंग घेऊन उभा. चौथ्या एका खांबाखाली बारीक पिठाची ढिगुळी होती. मी म्हटलं, इथंही लागलीय.

"न्हाई ताई, ह्यो किडा येगळा. उधई पीठ पाडीत न्हाई, ती माती आनती."

हे एक वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. पीठ पाडणारा भुंगेरा लाकडातच जन्मतो, लाकडातच राहतो; त्याला जमिनीत औषध ओतून काहीही होत नाही. वाळवी जमिनीतून येते आणि येताना मातीचा बोगदा बांधत येते. दोघांचा इलाज एकच समजून पैसे घालवणारी घरं मी नंतर पाहिली.

त्यानंतरचे कित्येक महिने सल्ल्यांत गेले. मामा म्हणाले गॅरेजातलं जळकं ऑइल फासा, शेजारी म्हणाले डिझेल, वहिनींच्या माहेरून लिंबोळीचं तेल आलं, कुणी हिंग सांगितला, कुणी मीठ. जळकं ऑइल आम्ही खरंच फासलं. महिनाभर घराला एसटीच्या आगाराचा वास येत होता आणि बोगदा ऑइलाला वळसा घालून वर गेला होता. मधे कापूस झाला, तूर झाली, लग्नसराई झाली. उन्हाळ्यात बोगदे वाळून पडले तेव्हा आम्ही सगळ्यांनी ठरवलं, की गेली.

जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ओसरीच्या दिव्याभोवती पंखवाल्या उधईचा ढग उठला. माजघराच्या उंबऱ्याजवळच्या चिरेतून त्या एकामागं एक निघत होत्या. आईनं दिव्याखाली पाण्याची परात ठेवली. सकाळी परातीवर पंखांची साय धरली होती.

मग दादानं शहरातून एक ठेकेदार आणला. त्यानं मोबाइलवर चौरस फूट मोजले आणि आकडा सांगितला. सगळ्या भिंतींलगत आतून-बाहेरून भोकं पाडायची, औषध भरायचं, दहा वर्षांची गॅरंटी. औषध कोणतं विचारलं तर म्हणाला, "कंपनीचं." किती पाण्यात किती, तर म्हणाला, "ते आमच्या पोरांना माहीत असतं."

मी बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. 'कंपनीचं' हे उत्तर मी नववीच्या पोरांकडूनही घेतलं नसतं. रात्री बसून भारतीय मानक ६३१३ वाचून काढलं. त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या इमारतींसाठी आहे. भिंत आणि जमीन मिळते तिथं फुटाफुटावर बारा मिलिमीटरचं भोक, एका भोकात जास्तीत जास्त लिटरभर द्रावण. क्लोरपायरिफॉस, इमिडाक्लोप्रिड, बायफेनथ्रिन ही औषधं आणि त्यांची प्रमाणं. क्लोरपायरिफॉसशी अमेरिकेनं २००० सालीच घरगुती वापरापुरती फारकत घ्यायला सुरुवात केली होती. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते विहिरीजवळ औषध मारताना जपा, या सूचनेपाशी.

आमचा आड माजघराच्या भिंतीपासून फार लांब नाही. प्यायला नळ आहे, पण उन्हाळ्यात भांडी-आंघोळी आडावरच. त्यात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत, आणि पाटावर बसून त्यांना भाताची शितं टाकणं हा आईचा संध्याकाळचा उद्योग आहे.

दादाला सांगितलं तर तो चिडला. "आईला मासे दिसतात, मला खांब दिसतो." विसार देऊन झाला होता. ठेकेदारानं दिवस दिला ९ ऑगस्टचा. कॅलेंडर कुणीच पाहिलं नाही. सकाळी पोरं ड्रिल घेऊन ढाळजेत आली, तर आई दारावर नाग काढत बसलेली.

"आज पंचमी. आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, खणायचं न्हाई. आन् तुम्ही भोकं पाडायलाव?"

पोरं हसली, ठेकेदार हसला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतो आपण. ते बीळ मूळचं उधईचंच असतं. त्या दिवशी नागोबानं उधईचं भाडं फेडलं म्हणायचं. माझा सणावारांवर एरवी फार विश्वास नाही, पण त्या दिवशी मी आईच्या बाजूनं गप्प बसले.

सापडलेल्या सवडीत मी एका बाटलीत वाळवी भरून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नेली. शहरात राहून कृषी विद्यापीठाच्या फाटकाबाहेरूनच जन्म काढणाऱ्यांपैकी मी एक. तिथल्या एका कीटकशास्त्र्यानं भिंगाखाली शिपायाचं डोकं पाहिलं आणि ओडोंटोटर्मिस म्हणून जात सांगितली. ही वाळवी वारुळात बुरशीची बाग लावते, चावलेलं लाकूड त्या बागेला घालते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती त्याच बुरशीची. "ही तुमच्या घरात राहत नाही," तो म्हणाला, "जेवायला येते. राणी बाहेर कुठंतरी जमिनीत आहे. घरातल्या मारल्या तरी ती रोज नव्या घालते. वाळवीला कोरडी हवा सोसत नाही म्हणून तर बोगदा लागतो. औषध मग बघू. आधी तुमच्या भिंतीत तिला पाणी कोण पाजतंय ते शोधा."

ते पोळ्याच्या पावसानं शोधून दिलं. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला परभणी-हिंगोली-नांदेडकडे जो पाऊस झाला तो आठवत नाही असा माणूस इकडे मिळणार नाही. आमच्या आडाचं पाणी काठावरून वाकलं तर हाताला लागेल इतकं वर आलं. ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. जमिनीत ओतलेलं लिटर-लिटर औषध भोकातच थांबलं असतं असं मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याच रात्री माजघरात सिमेंटच्या गिलाव्याला पोट सुटलं. दादानं बत्त्यानं ठोकलं आणि दाराएवढा पापुद्रा धाडकन खाली आला. मागची मातीची भिंत ओलीचिंब, आणि तिच्यावर खालून वरपर्यंत बोगद्यांचं जाळं, वडाच्या पारंब्या उलट्या टांगाव्यात तसं. बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती.

तो गिलावा आमच्या वडिलांनी केला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माती-दगडाची घरं माणसांवर बसली, आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक माळवदाखाली झोपणारा माणूस त्या दिवसापासून वर बघून झोपू लागला. वडिलांनी पुढच्या उन्हाळ्यात भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, माळवदावर सिमेंटचा कोबा ओतला. घर पक्कं झालं म्हणून पेढे वाटल्याचं मला आठवतं. मृगाआधी दरसाल माळवदावर नवी माती टाकायची ती रीत तिथंच थांबली. कोब्याला पुढे चिरा पडल्या. चिरेतलं पाणी मातीत, माती भिजून भिंतीत, आणि भिंतीची वाफ बाहेर जायला वाट नाही, कारण वर सिमेंट. तीस वर्षं आम्ही उधईला सावली आणि पाणी दोन्ही पुरवलं.

त्या रात्री भावा-बहिणीचं खरं भांडण झालं. दादाचं म्हणणं, सगळं पाडून स्लॅब टाकू. "तू शनिवारी येतीस, रविवारी जातीस. साडेतीन टन माती आईच्या बाजेवर हाय, माझ्या पोरांवर हाय." हिशोब मीच करून दिला होता. त्याला उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. मी वाडा वाचवायला निघालेली शहरातली मुलगी होते, तो त्याखाली झोपत होता.

आईनं फक्त एक विचारलं. "औषध मारायचंच तर आडापासून किती हात सोडायचं?"

मानकात हातांचं माप नाही. मी बायफेनथ्रिन का निवडावं ते तिला समजावून सांगितलं: ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला धरून बसतं, इमिडाक्लोप्रिड पाण्याबरोबर चालू लागतं. आणि बायफेनथ्रिन माशांना अतिशय विषारी, हेही सांगितलं. तिनं कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत आडाच्या काठापासून मोजायला सुरुवात केली. पंधरा हातांवर थांबली, तिथं विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली आणि म्हणाली, "हिच्या अलीकडं न्हाई."

दिवाळीनंतर जमीन वाळली तेव्हा काम धरलं. ठेकेदार दुसरा घेतला. यानं सीलबंद डबा आमच्यासमोर फोडला आणि माप आमच्यासमोर घेतलं. रेघेपलीकडे, रस्त्याच्या बाजूच्या भिंतींलगत आणि तिकडच्या खांबांच्या बुडाशी औषध गेलं. रेघेच्या अलीकडे एक थेंब नाही. तिथं गिलावा सोलून चुना-मातीचा केला, न्हाणीचं पाणी नळीनं थेट गटारात सोडलं, भिंतीला टेकून रचलेल्या तुराट्या उचलल्या. तुराट्यांखाली काय होतं ते लिहीत नाही. पिठाच्या खांबाला सुतारमामांनी इंजेक्शनच्या सुईनं भोकाभोकांतून वेगळं औषध दिलं. कुजलेले दोन खांब जॅकवर उचलून खालून हातभर कापले आणि तळखडे तेवढे उंच केले. दारातला खांब बदललाच. त्याच्या जागी मानवतला पाडलेल्या एका वाड्यातला साग आला.

आणि माजघरावरचं माळवद उतरवलं. तिथं आता पत्रे आहेत. हे दादाचं. आई तिथं झोपते, म्हणून मी वाद घातला नाही. उन्हाळ्यात दुपारी ते माजघर तापतं आणि आई मुकाट्यानं बाज ओसरीत ओढते, जिथं वर अजून माळवद आहे. ओसरीचा कोबा मात्र फोडला आणि पुढच्या मृगाआधी तिच्यावर पुन्हा माती पडली.

उरलेले कागद स्टीलच्या उघड्या मांडणीवर ठेवलेत, भिंतीपासून वीतभर लांब. नोंद काही त्यांत निघाली नाही. निघाली असेल तर भोकात गेली.

रेघेच्या अलीकडच्या पाच खांबांना औषध नाही, म्हणून त्यांच्यावर पहारा आहे. दर शनिवारी मी टॉर्च घेऊन तळखडे बघते, दादा पटाशीच्या मुठीनं ठोकतो. बोगदा दिसला की उलथन्यानं खरवडायचा आणि खांबाशेजारी भिंतीवर खडूनं तारीख घालायची. २०२५ च्या पावसाळ्यात दोन तारखा पडल्या, १४ जून आणि ५ जुलै. तिसरी दादानं घातली होती, ती आईनं पदरानं पुसून टाकली. ती म्हणते, ती मुंग्यांची माती होती. दादा म्हणतो, उधईच.