हलगी कोण वाजवणार?

वस्तीत कुणाचं लग्न ठरलं की पोरंपोरी माझ्याकडं येतात. तीसेक वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवली, म्हणून. "काका, गाण्यांचं तेवढं बघून द्या." मी जुनी वही काढतो. बायको म्हणते, आला बिनपगारी बँडमास्तर.

बहुतेकांचं सोपं असतं. आधी त्रिशरण, पंचशील, जयमंगल अष्टगाथा. तिथं वाद्य नको नि स्पीकरवर रेकॉर्डही नको, जमलेल्या माणसांनी तोंडानं म्हणावं. मग वामनदादा कर्डकांची तीन-चार, प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातलं एखादं. हॉलच्या माइकवाल्याला आधीच दटावून ठेवायचं. एकदा नवरानवरीनं बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि त्यानं गणपतीची आरती लावून दिली. त्याच्या पेनड्राइव्हवर लग्न म्हणून तेवढंच होतं.

वरातीवरून मात्र माझं भांडण ठरलेलं. सकाळी पाचवं शील घ्यायचं, रात्री तर्र होऊन डीजेपुढं बाबासाहेबांच्या नावावर कंबर हलवायची. दहा वाजता पोलीस येऊन बंद करतात तेव्हा मला बरं वाटतं, हे लिहायला लाज वाटते. पण गाणंच बंद करा असंही तोंड वर करून सांगवत नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत लग्नाला आलेल्या आपल्या एका पोराला मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून मारून टाकलं. लग्नाला आलेलं पोरगं. ते आठवलं की डीजेचा राग गिळून टाकतो.

तर गेल्या हिवाळ्यात एक जोडी आली. पोरगी आमच्या शेजारची, बौद्ध. पोरगा मातंग. दोघं एका कॉलेजात होती. दोन्ही घरांत वर्षभर आदळआपट झाली, ती सांगत बसत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगा म्हणाला, "काका, डीजे नको. हलगी पाहिजे."

माझ्या तोंडून पटकन गेलं, "हलगी न्हाय. आपल्यात हलगी वाजत न्हाय."

दोस्तांनो, माझा बाप वाजंत्री होता. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात महारांचाच ताफा. दोन सनया, एक नुसता सूर धरणारा, एक संबळ आणि बापाचं डफडं. डफडं म्हणजे हलगीच. पाटलाघरचं लग्न असलं की हळदीपासून वरातीपर्यंत हात थांबायचा नाही. नवरदेव मारुतीला निघायचा, ताफा पुढं. देवळाची पायरी आली की ताफ्यानं अलीकडंच थांबायचं, वाजवणं मात्र चालू ठेवायचं. देवाला बाजा चालायचा, वाजवणारा चालायचा नाही. मांडवात जागा चपलांपाशी. सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं वरून पाटीत टाकायचे. ते घेऊन बाप यायचा तेव्हा घरात सण असायचा, हेही खरंच.

१९५६ च्या ऑक्टोबरात बाप नागपूरला गेला. परत आला तो कुणाशी बोलला नाही. आढ्याचं डफडं काढलं, कोयत्यानं चामडं फाडलं, लाकडी कडं चुलीत घातलं. मी जन्मलो नव्हतो, हे आईनं सांगितलेलं. पुढच्या लग्नसराईत बोलावणं आलं, ताफा गेला नाही. गावानं बलुतं बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली. बाप मरेपर्यंत त्यानं बोटानं ताटसुद्धा वाजवलं नाही. मी ढोलकी शिकलो तर सहा महिने अबोला धरला. भीमगीतं वाजवतो म्हणून सांगितलं, तरी.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुमच्या बापानं टाकली, बरोबरच केलं. पण मागच्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हलगी कोण वाजवत होतं?"

मी गप्प.

"माझा बाप आणि दोन चुलते. सुपारी तुम्ही लोकांनी दिली होती. जेवा म्हणाला तुमच्यातलं कुणी, तेव्हा साडेचार वाजले होते."

पैसे मीच दिले होते. पाकीट त्याच्या बापाच्या हातात ठेवलं, पाठ थोपटली. बसा, असं म्हणालो नाही. माझ्या लक्षातच आलं नाही की म्हणावं.

आपण गळ्यातली हलगी उतरवली, चुलीत घातली, त्याचा अभिमान मिरवला. आणि वाजवणारा पाहिजे झाला तेव्हा मांगवाड्यात निरोप धाडला. वर बैठकीत बोलायचं, मातंग समाज अजून जागा होत नाही. मीही बोललोय. वाद्य बाटलेलं नव्हतं. तमाशाचीच ढोलकी घेऊन भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. बाट होता तो चपलांपाशी बसवण्यात. आपण तेच केलं, फक्त निळ्या झेंड्याखाली.

"बरं," म्हणालो, "हलगी लावू. चला, तुझ्या बापालाच विचारू."

त्याचा बाप दारात जाळापुढं हलगी शेकत बसला होता. माझं ऐकलं नि हसायलाच लागला.

"मास्तर, पोराच्या लग्नात म्या वाजवू? चाळीस वर्सं लोकाच्या पोरांम्होरं वाजवत चाललो. माज्या पोराच्या लग्नात म्या खुर्चीवर बसनार हाय."

"मग तुमच्या भावाला सांगतो."

"त्यो तर चुलता नवऱ्याचा. त्यो बी बसनार."

"दुसऱ्या गावचा ताफा?"

"तालुक्यातला ताफा म्हंजी आमचीच सोयरीक. समदे पाव्हनं हायेत मास्तर. ह्या लग्नाला वाजवनारा कुनी शिल्लक न्हाय."

पोराचं तोंड उतरलं. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मी म्हणालो, "आणा इकडं."

ढोलकीचा हात आणि हलगीचा हात वेगळा. हलगी दोन काड्यांवर चालते, एक बारीक, एक जाड. मला पंधरा दिवस लागले आणि तरी आली असं म्हणवत नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायचो. तो शिव्या द्यायचा. "मास्तर, भाकरी थापताय का काय?" आमच्या वस्तीतले काही जण बोलले, बापानं फाडली नि लेकानं धरली. त्यांना उत्तर दिलं नाही. बाप असता तर काय म्हणाला असता, कोण जाणे. माझ्याशी पुन्हा बोललाच नसता बहुतेक.

लग्न दुपारी लागलं. गाथा झाल्या, फुलं पडली. मग अण्णा भाऊ साठ्यांनी बाबासाहेबांवर रचलेलं गाणं पार्टीनं म्हटलं. ते यादीत मी पहिलं घातलं होतं, मातंग शाहिराचं बाबासाहेबांवरचं गाणं, ह्या लग्नाला दुसरं कुठलं पहिलं असणार? त्यानंतर मी मांडवाच्या मधोमध उभा राहिलो आणि वाजवलं. सात-आठ मिनिटं. दोनदा ठेका सुटला. दुसऱ्यांदा सुटला तेव्हा नवऱ्याचा बाप खुर्चीवरून अर्धा उठला, हात पुढं आला, आणि पुन्हा खाली बसला. नवाकोरा नेहरू, कडक इस्त्रीचा.

पहिल्या पंगतीला ते तिघं भाऊ बसले. बुंदीची बादली माझ्या हातात होती. काड्यांनी बोटं सोलली होती, कडी धरवत नव्हती. त्याच्या ताटात वाढली.

"ठेका लई चुकला, मास्तर."

"व्हय."

"आजून वाढा थोडी."