पाणी प्यायलेली नाव

अश्विनातल्या त्या दुपारी पंचवटी घाटावर पोचले, तेव्हा सगळ्या नावा पालथ्या निजल्या होत्या.

पावसाळाभर नर्मदेनं कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. वर बरगी धरणाचे दरवाजे उघडले की भेडाघाटच्या घळीत पाणी इतकं चढतं, की धुआंधारचा तो गाजणारा प्रपातसुद्धा पाण्याखाली जाऊन गप्प होतो. आता पाणी उतरलं होतं. पांढऱ्या कड्यांवर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, पुराची मातकट रेघ राहिली होती. आजारातून उठलेल्या माणसाच्या घरात औषधाच्या बाटल्या तशाच राहतात ना, तशी. आणि कोजागरी चार दिवसांवर आली होती. म्हणजे चांदण्यातला नौकाविहार. म्हणजे घाटावरच्या केवटांची वर्षातली सगळ्यात मोठी लगबग.

पण लगबग अशी दिसत नव्हती. एक म्हातारे नावाडी पालथ्या नावेच्या पोटाजवळ उकिडवे बसून, डोळे मिटून, फळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवत होते. वैद्य नाडी बघतो तसं. मधेच लाकडी हातोडी उचलायची, एक ठोका द्यायचा, कान लावायचा. ठण्ण वाजलं की बोट पुढे सरके. एका ठिकाणी बद्द आवाज आला आणि त्यांचा हात थांबला.

“इथं जीव नाही,” ते हिंदीत पुटपुटले, आणि पटाशी घेऊन ती जागा उकरायला लागले.

जबलपूरच्या रिवाजानं मी त्यांना कक्का म्हणाले, त्यांनी मला बिटिया म्हटलं, आणि घरी परत जायचं माझ्याच्यानं होईना. तागाचे तंतू मांडीवर वळून ते पेळूसारखी लांब वात करायचे. ती फटीवर ठेवून पटाशीच्या बोथट बाजूनं आत ठासायचे, पुन्हा ठासायचे, इतकी की शेवटी फटीनंच ती गिळली असं वाटावं. शेजारी तीन दगडांवर पत्र्याच्या डब्यात डांबर रटरटत होतं. त्याचा काळा, जड, थोडासा गोडसर वास नदीवरून येणाऱ्या शेवाळी वाऱ्यात मिसळला, आणि मला एकदम आगगाडी आठवली.

आजीची आगगाडी.

आजी गोंदियाची. लग्न होऊन जबलपूरला आली ती छोट्या लायनीनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्याच्या जंगलांतून टाकलेल्या त्या अरुंद रुळांवरून नैनपूर करत गाडी इतकी सावकाश यायची, की खिडकीतून हात बाहेर काढला तर सागाचं पान हाताला लागेल. ग्वारीघाट यायच्या आधी नर्मदेवरचा पूल लागे. आणि पुलाच्या बऱ्याच आधीपासून आजीची तयारी सुरू होई. आधी ती डब्याचं झाकण लावी. मग आमची तोंडं पुसून आम्हाला गप्प करी, पदर सारखा करी, आणि पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यातलं नाणं मुठीत घेऊन बसे. एवढ्यात पूल येत नसे. तरी ती बोलायची थांबलेली असे. चाकांचा आवाज बदलला, जमिनीचा जाऊन लोखंडाचा झाला, की खिडकीबाहेर हात, ओठांवर “नर्मदे हर”, आणि नाणं खाली. ते पाण्यात पडताना मी कधी पाहिलं नाही. मी तिच्या मुठीकडेच बघत असायची.

2015मध्ये छोटी लाईन बंद झाली. आजी त्याआधीच गेली होती.

दिवस कलताना चौघांनी मिळून नाव सुलटी केली आणि “नर्मदे हर” म्हणत पाण्यात लोटली. मला वाटलं, आता ती डौलात तरंगेल. कक्कांनी तर तिच्यात दगड ठेवायला सुरुवात केली. मग कड कलती करून पाणी आत घेतलं. गळ्यापर्यंत, मग काठापर्यंत, आणि दिवसभराच्या मेहनतीची ती नाव गुडघाभर पाण्यात शांतपणे बुडाली. माझ्या तोंडून हाय निघाली असावी, कारण ते हसले.

“पहले इसको पानी पी लेने दो, बिटिया.”

चार महिन्यांच्या कोरड्या लाकडाच्या शिरा आक्रसलेल्या असतात. ताग आणि डांबर आपल्याकडून होईल तेवढं करतात, पण शेवटची फट मिटवायची ती लाकडानंच. पाणी पिऊन फळी फुगते, शेजारच्या फळीला बिलगते, आणि जिथून पाणी आत येत होतं तीच वाट पाण्यानंच बंद होते. जी नाव बुडून आलेली नाही तिच्यावर भरवसा ठेवू नये, असं कक्का म्हणाले. म्हणाले ते नावेबद्दलच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य माझ्या उशाशी येऊन बसलं.

झोप येईना, तशी दूरच्या पाण्यांची आठवण येत राहिली. इंग्लंडच्या उत्तरेला स्टँडेज नावाचा कालव्याचा बोगदा आहे, 1811मध्ये खुला झालेला, डोंगराखालून पाच किलोमीटर. तिथल्या चिंचोळ्या नावा एरवी काठावरून घोडा ओढायचा. बोगद्याला मात्र काठच नव्हता. तेव्हा तोंडाशी आल्यावर घोडा सोडायचा, त्याला डोंगरावरून पलीकडे न्यायचं, आणि माणसांनी नावेत आडवं होऊन, पाय बोगद्याच्या भिंतींना लावून, पाठीवर निजल्या निजल्या चालत ती नाव अंधारातून पलीकडे काढायची. मला त्या घोड्याचं फार वाटतं. वर वारा, गवत, उजेड, आणि पायांखाली कुठेतरी खोल, आपली नाव आपल्याशिवाय चाललेली.

आणि आपल्या इथला बोगदा तर अजून जवळचा. कटनी जिल्ह्यात स्लीमनाबादला, बरगीच्या उजव्या कालव्यासाठी जमिनीखालून जवळजवळ बारा किलोमीटर. 2008पासून खडकाशी झगडत खणत आणलेला. फेब्रुवारी 2022मध्ये तिथं माती ढासळून नऊ मजूर गाडले गेले. सात बाहेर आले, दोघे आले नाहीत. त्या वाटेनं नर्मदेचं पाणी सतना, रीवाकडे जायचं आहे. या बोगद्यातून नाव जाणार नाही, पाणी एकटंच जाईल. लोककथेत नर्मदा शोण नदावर रुसली, लग्नाच्या मांडवातून पाठ फिरवून पश्चिमेला निघाली आणि आयुष्यभर कुणाची झाली नाही. तिचं पाणी आता अंधारातून डोंगर ओलांडून त्याच शोणाच्या, गंगेच्या खोऱ्याकडे वळेल. रुसवा सुटला म्हणायचं की हात धरून नेलं म्हणायचं? शेतं हिरवी होतील, ते मला हवंच आहे. तरी त्या पाण्याला कुणी विचारलं असेल का, याचा विचार करत मी पहाटेपर्यंत जागी होते.

कोजागरीला संध्याकाळी पुन्हा घाटावर गेले. नाव पाण्यावर होती. दगड काढलेले, पाणी उपसलेलं, फळ्या ओल्या काळ्याभोर. आदल्या सकाळी कक्का एकटेच बांबू घेऊन आत जाऊन आले होते. पुरानं कुठे खडक सरकवला, कुठे गाळ टाकला, हे पाहिल्याशिवाय ते दुसऱ्याचा जीव नावेत घेत नाहीत. वल्ह्याच्या आडणीला त्यांनी तेल लावलं, का, तर आवाज नको. विडी विझवली आणि कानामागे ठेवली. कड्यांच्या कपारींत आग्यामोहोळं असतात, धूर त्यांना खपत नाही. जेम्स फोर्सिथच्या 1871च्या पुस्तकात इथल्या माश्यांपासून पळताना पाण्यात बुडून मेलेल्या एका इंग्रजाची हकिगत आहे. घाटावरच्या माणसांना ते पुस्तक माहीत नाही, पण विडी सगळे विझवतात.

मग कंदील. तोही विझवला.

“आता तिचा उजेड बघा,” म्हणाले, आणि वल्हं पाण्यात गेलं.

जेमतेम तीन किलोमीटरांची घळ, आणि दोन्हीकडे शंभर शंभर फुटांचे कडे. दिवसा हे नावाडी यमकं जुळवत, हसवत, कुठल्या खडकावर कुठल्या सिनेमाचं चित्रण झालं ते सांगत माणसांना फिरवून आणतात, आणि ते मला मनापासून आवडतं. त्या रात्री मात्र कक्का एक शब्द बोलले नाहीत. चंद्र अजून एका कड्याच्या मागे होता. डावी भिंत अंधारात, उजवी उजळलेली, आणि नाव त्या दोघींच्या शिवणीवरून चाललेली. दिवसा पाहिलेले पिवळट, निळसर, गुलाबी पट्टे आता नव्हते. दगड संगजिऱ्याच्या पुडीसारखा मऊ दिसत होता, हात लावला तर बोटाला लागेल असा. उजेड वरून पडत नव्हताच. तो भिंतीतून निघून पाण्यात जात होता आणि पाण्यातून वर, आमच्या हनुवटीखाली येत होता. समोर बसलेल्या अनोळखी बाईचा चेहरा खालून उजळलेला पाहिला आणि क्षणभर मला तो आजीचा वाटला, पुलाच्या आधीचा, न बोलणारा.

पायांना गार लागलं. खाली पाहिलं तर तळाशी बोटभर पाणी.

मी घाबरून कक्कांकडे बघितलं. त्यांनी निवांतपणे पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. पहिल्या दिवशी नाव थोडी रडतेच, उपसत राहा. मग मी वाकून उपसू लागले. डबा भरायचा, कडेवरून रिता करायचा. पाणी पाण्यात पडल्याचा तो छोटासा आवाज भिंतीकडे जायचा आणि जरा उशिरानं, जरा मोठा होऊन परत यायचा. भूलभुलैया आला. इथं नदी पुढे संपल्यासारखी दिसते. चारही बाजूंनी दगड, वाट कुठली ते कळू नये. वल्हं एकदा उजवीकडे दाबलं गेलं, आणि जिथं भिंत होती तिथं अंधाराची एक उभी चीर उघडली. बंदरकूदनी. माकडं एका कड्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची असं जिच्याबद्दल म्हणतात, ती जागा.

कक्कांनी वल्हं उचलून धरलं. नाव आपल्याच वेगानं सरकत राहिली. त्यांनी अंधारात हात खाली घालून ती फट चाचपली. त्या दिवशी दुपारी जिथं बद्द वाजलं होतं, तीच.

“मिट गई,” म्हणाले.

मी डबा खाली ठेवला. वर आभाळ वाटेएवढंच राहिलं होतं, आणि कडे दोन्हीकडून जवळ येत होते. मी ओढणीच्या टोकाची गाठ सोडायला घेतली.