हिमातील पाऊलखुणा

ऑस्लोच्या उत्तरेस नॉर्डमार्काचे सूचिपर्णी अरण्य पसरले आहे. नकाशा व होकायंत्राच्या आधारे वनातील ठरावीक ठिकाणे क्रमाने शोधत धावण्याचा खेळ म्हणजे ओरिएंटीअरिंग. त्याची पहिली सार्वजनिक स्पर्धा 1897 साली नॉर्वेत, याच परिसरात झाली. डिसेंबरात येथे दिवस जेमतेम सहा तासांचा. हिवाळी स्पर्धेचा मार्ग आखणाऱ्यास तेवढ्या उजेडात केशरी-पांढरी निशाणे लावून परतावे लागते. नकाशावरील शिळा हिमाखाली लुप्त असतात. गोठलेले तळे जवळची वाट भासते. पण ओढा मिळतो तेथे बर्फ पातळ, म्हणून तो भाग नकाशावर निषिद्ध दाखवावाच लागतो. निशाण चुकीच्या शिळेपाशी लागले, तर कोणीतरी गोठणाऱ्या थंडीत व्यर्थ भटकेल.

खरी अडचण मात्र त्याच्या स्वतःच्या पावलांची. ताज्या हिमावरील पाऊलखुणा थेट निशाणापाशी नेतात; धावपटूस मग नकाशा कशाला? म्हणून तो आल्या वाटेने परतत नाही. पुढे जातो, वळसा घेतो, निरर्थक फेरे घालतो. जीवरक्षणासाठी भूमी निरखून चालणाऱ्या साधूंची ईर्यासमिती जैन घरांत परिचित आहे. या गृहस्थाचे कारण निराळे, सावधपणा मात्र तितकाच. रात्री हिमवर्षाव झाला, तर ते फेरेही बुजतात. मग निशाणे जागेवर आहेत ना, हे पाहण्यासाठी पहाटे त्याला पुन्हा निघावे लागते, नव्या खुणा उमटवीत.