जौहर, अणू आणि ॲटम

आम्ही दुधनीचे. घरात दखनी, बाजारात कन्नड आणि कचेरीत मराठी. एका वस्तूला तीन नावे असणे आम्हाला नवे नाही. वर्गात आम्ही ज्याला ‘जौहर’ म्हणतो, त्याला मराठी पुस्तक ‘अणू’ म्हणते. दहावीनंतर विज्ञान शाखेत तोच ‘ॲटम’ होऊन भेटतो आणि आमची हुशार मुलेही बिचकतात. म्हणून या जौहरची एक हकीकत आपल्या बोलीत सांगावीशी वाटते.

अणूला ऊर्जा मिळाली की त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. तो खाली उतरताना जादा ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. रस्त्यावरच्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यात हेच घडते. तिथे प्रत्येक अणू आपल्या मर्जीने उजळतो. पण १९५४ साली अमेरिकेतील रॉबर्ट डिक यांनी दाखवले की, अणू अगदी जवळजवळ असतील तर ते असे एकेकटे राहत नाहीत. मुशायऱ्यात एका कोपऱ्यातून ‘वाह’ निघते आणि पाहता पाहता सारी मैफल एका आवाजात दाद देते, तसेच हे. एकाचा प्रकाश दुसऱ्याला तालात आणतो. तीव्रता अणूंच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा मात्र होती तेवढीच. १०० अणू असतील तर ती साधारण शंभरपट लवकर संपते. १९७३ मध्ये हे वायूच्या प्रयोगात दिसलेही.

आता इलेक्ट्रॉन फार वर, समजा ५० व्या पातळीवर नेला, तर हायड्रोजनचा अणू मूळच्या सुमारे २,५०० पट मोठा होतो. स्वीडनच्या योहानेस रिडबर्ग यांच्या नावाने असे अणू ओळखले जातात. त्यांच्या शेजारशेजारच्या पातळ्यांमधील प्रकाशाची लहर इतकी लांब असते की अणूंचा अख्खा पुंजका तिच्यात मावतो. ताल जुळायला याहून चांगली जागा कोणती? पण अडचण अशी की हे अणू एकमेकांना दुरूनही ढकलतात, ओढतात. शेजारी किती जवळ आहे त्यावर प्रत्येकाची पातळी थोडी सरकते, सूर वेगळे होतात आणि मैफल विस्कटते. ताल उलटा जुळला, तर अणू एकमेकांचा प्रकाश अडवतात आणि तो बराच वेळ आत टिकतो.

बाहेर विखुरलेला प्रकाश परत येत नाही; त्याच्याबरोबर अणूंमधले नाजूक नातेही जाते. क्वांटम संगणक बनवणाऱ्यांना हेच नाते सांभाळायचे आहे. पुण्याच्या ‘आयसर’ या २००६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत अतिथंड आणि रिडबर्ग अणूंवर संशोधन चालते.

दुधनीचा रेल्वेरूळ सोलापूरवरून पुण्यालाच जातो. आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला तिथे पोहोचायचे असेल, तर वाटेत एक शब्द बदलावा लागेल. जौहर तोच राहील.