मागितल्यावाचून

‘प्रोफेसरांनी आता दारोदार शंभर शंभर रुपये गोळा करायचे का?’ असा प्रश्न हिने मला भर जेवणात विचारला, तेव्हा माझा घास क्षणभर हातातच राहिला. प्रश्न अगदीच अन्यायाचा नव्हता. मी खरोखरच बँकेकडे रोजच्या शंभर रुपयांप्रमाणे ३७ दिवसांचा हिशेब मागत होतो!

प्रकरण असे घडले. २०२३ च्या भाद्रपदातील एका सायंकाळी मी कोपऱ्यावरच्या एटीएमपुढे उभा राहिलो आणि दहा हजारांचा आकडा दाबला. यंत्राच्या पोटात काहीतरी खळखळले आणि ते गप्प झाले. नोट एकही बाहेर आली नाही. पैसे खात्यातून गेल्याचा निरोप मात्र मोबाइलवर मोठ्या तत्परतेने आला. पलीकडच्या गल्लीतल्या यंत्राने, दिवसाची मर्यादा संपली, एवढे सांगून मला वाटेला लावले.

घरी आमच्या पोळ्यांच्या बाई पिशवी भरून उंबऱ्याशी बसल्या होत्या. गावी आई आजारी, रात्रीची एस.टी. आणि पैसे देण्याचा शब्द माझा. ‘यंत्राने पैसे दिले नाहीत,’ असे मी म्हणालो आणि माझे मलाच ते वाक्य खोटे वाटले. निबंध का आणला नाही, याची अशी कारणे वर्गात मी पुष्कळ ऐकली आहेत. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले. शेजारच्या तीन घरांतून मी सहा हजार जमवले आणि त्या गेल्या.

बँकेत मी चार खेपा घातल्या. ‘वर कळवले आहे’ हे उत्तर चारही वेळा मिळाले. अखेर ४२ दिवसांनी रक्कम खात्यात परत आली आणि सर्वांच्या मते विषय मिटला. माझ्याही मते मिटला असता. परंतु रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक माझ्या वाचनात आले. अशी रक्कम पाच दिवसांत परत करावी, पुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबास शंभर रुपये द्यावेत, आणि तेही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. म्हणजे जे न मागता मिळावयाचे, ते मागण्यासाठी मला अर्ज करावयाचा होता!

काउंटरपलीकडचा अधिकारी माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि मृदू स्वरात म्हणाला, ‘सर, पैसे तर आले ना? तीन-साडेतीन हजारांची तुम्हांला काय गरज?’ त्या चहाने मला अधिकच ओशाळे केले. माझा हप्ता एक दिवस चुकला, तर बँक दंड कापून घेते. तेव्हा ‘बँकेला काय गरज?’ असे कोणी विचारत नाही. हे मी त्याला म्हणालो नाही. गुरुजनांना योग्य उत्तर नेहमी घरी परतताना सुचते.

लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, तेव्हा लोकपालाकडे गेलो. तेथे वकील लागत नाही, शुल्कही नाही. २०२१ च्या त्या योजनेत प्रत्यक्ष नुकसानीखेरीज वेळ, खर्च आणि मनस्ताप यांसाठी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती. मनस्तापापुढे कोणता आकडा घालावा, याचा मी बराच वेळ विचार केला. उंबऱ्यावरची ती नजर डोळ्यांपुढून हलेना. शेवटी फक्त ३,७०० एवढेच लिहिले.

काही आठवड्यांनी तेवढी रक्कम मुकाट्याने खात्यात जमा झाली. मी ती वार्ता स्वयंपाकघरात जरा मोठ्यानेच सांगितली. बाईंनी लाटणे थांबवले.

‘म्हणजे दादा,’ त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी यंत्रानं खरंच पैसे दिले नव्हते होय?’